हेकरूची ओटी

महिपत तांडेलानं जावयाला आयुष्यात एकच मोठी गोष्ट दिली, आणि तीही अर्धीच. उरलेली अर्धी त्यानं वीस वर्षं पोटात ठेवली. सत्तरीला आला तरी गुडघे ठणठणीत होते, दात शाबूत होते, तळलेला बांगडा काट्यासकट चावून खायचा. दुखणं म्हणावं तर हे एवढंच होतं.

मिरकरवाड्याच्या बंदरातून बाहेर पडून पश्चिमेला दीड-दोन तास गेलं की समुद्राच्या तळाशी एक मोठं खडप आहे. वरून बघाल तर काही नाही, पाणी सगळीकडे सारखंच. पण बारा वाव, म्हणजे सत्तरेक फूट खाली नुसता कातळ, त्यात कपारी, घळी, बिळं. तिथे हेकरू राहायचे. हेकरू म्हणजे जाड ओठांचा, ठिपकेवाला दांडगा मासा. तोंड कायम मानपानावरून रुसलेल्या व्याह्यासारखं. ही जागा महिपतला बापाकडून मिळाली, बापाला, म्हणजे बाबल्या तांडेलाला, त्याच्या बापाकडून. कागदावर काही नव्हतं. डोंगरावरच्या उंडीच्या झाडाच्या शेंड्यावर देवळाचा कळस बसला आणि दक्षिणेला दीपगृहाच्या बत्तीचं टोक कड्याच्या नाकाला टेकलं, की खाली खडप. दोन्ही खुणा एकदम बसल्या पाहिजेत. गावातल्या कितीतरी जणांनी बाबल्याच्या होडीमागून होड्या घातल्या, पण ती नेमकी जागा कुणाला सापडली नाही.

पौषाची पुनव उलटली की चहूकडचे हेकरू या खडपावर गोळा व्हायचे. गाबोळीनं, म्हणजे अंड्यांनी, पोटं टरटरून फुगलेली असायची. बाबल्या म्हणायचा, "बाळतपणाला माह्यारी आल्यात पोरी." म्हणून घरात त्या खडपाला नावच पडलं होतं माहेर.

आणि माहेर म्हटलं की रीत आली. एरवी वर्षभर तिथे गळ टाकावा, पोटापुरतं न्यावं. माघात मात्र एकच फेरी आणि एकच गळ, त्याचाही परतीचा, मासा अडकवून धरणारा काटा कानशीनं घासून काढलेला. पहिली गाबोळीवाली वर आली की तिला कुंकू लावून ओटी भरायची. ओटी घरातल्या बाईनं बांधून दिलेली असायची: खणाच्या तुकड्यात मूठभर तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि किनाऱ्यावरचा एक काळा गुळगुळीत धोंडा. धोंडा कशाला, तर खोल पाण्यातून वर आलेल्या हेकरूच्या पोटात हवा धरते. नुसता सोडला तर बिचारा पोट वर करून तरंगत राहतो आणि मरतो. म्हणून ती पुडी कच्च्या दोऱ्यानं गळाशी बांधायची आणि मासा तोंड खाली करून सोडायचा. धोंड्याच्या वजनानं माहेरवाशीण ओटीसकट तळाला जायची. मग वरून एक हिसका द्यायचा. गळ ओठातून सुटायचा, दोरा तुटायचा, ओटी तिच्यापाशी राहायची.

त्यानंतर दोरी गुंडाळायची. दुसरा गळ टाकायचा नाही. खाली आणखी किती आहेत हे चाचपून बघायचंसुद्धा नाही. "माह्यारवाशिणी मोजू नयेत," बाबल्या म्हणायचा. फाल्गुन लागेपर्यंत होडीचं नाक पुन्हा तिकडे वळवायचं नाही, घरात मीठभाकर खायची पाळी आली तरी.

महिपतनं हे सगळं तीस वर्षं पाळलं. ओटी बांधायची त्याची बायको काशी. त्यांना मुलगी एकच, दमयंती. तिचं लग्न ठरलं पलीकडच्या गावातल्या निलेशशी. निलेशची स्वतःची लाँच होती, चार खलाशी हाताखाली होते आणि केबिनमध्ये यंत्र होतं, ज्यात समुद्राचा तळ रंगीत दिसायचा. असा जावई मिळाल्यावर महिपतची छाती दोन इंच फुगली. पण अशा जावयाला आंदण काय द्यायचं? भांडीकुंडी तर कोणीही देतं. महिपतकडे देण्यासारखी वस्तू एकच होती, आणि वारसदार मुलगा नव्हता. वैशाखात लग्न झालं, आणि पूजेच्या दुसऱ्या दिवशी तो निलेशच्या लाँचवर चढला, त्याला खडपावर घेऊन गेला आणि दोन्ही खुणा बोटानं दाखवल्या.

निलेशनं यंत्राचं एक बटण दाबून जागा नोंदवली. "बसलं, मामा," तो म्हणाला. "आता खुणा बघायची गरज नाय. कायमचं बसलं."

रीत महिपतच्या ओठावर आली होती. पण जावई म्हणजे दहावा ग्रह. त्याला आंदण द्यायचं आणि वर अट घालायची, म्हणजे साडी द्यायची आणि सणाला नेसू नकोस म्हणायचं. शिवाय खरं सांगायचं तर महिपतला लाज वाटली. समोर ते रंगीत यंत्र, लाँचवर चार तरणे खलाशी कान देऊन ऐकतायत, आणि आपण सांगायचं काय, तर माशाची ओटी भरा! माघाला अजून नऊ महिने आहेत, सांगू सावकाश, असं त्यानं ठरवलं. गणपतीला जावई जेवायला आला तेव्हा पाहुणे होते. दिवाळीला आला तेव्हा विषय निघाला नाही. जी गोष्ट सांगायची नसते तिला सवड कधीच मिळत नाही.

माघात एका सकाळी बंदरावर गलका झाला. निलेशची लाँच आली होती, पाण्यात काठोकाठ बसलेली. हेकरू, हेकरू आणि हेकरू. आठ-आठ, दहा-दहा किलोचे, एकावर एक पडलेले, आणि प्रत्येकाचं पोट भरलेलं. लिलावाला आलेल्या बाया टोपल्या खाली ठेवून बघत राहिल्या. कोणीतरी महिपतच्या पाठीवर थाप मारली. "म्हैपतदादा, जावय लाखात एक काढलास हां!"

आणि महिपत हसला. पुढे वीस वर्षं त्याला त्या माशांपेक्षा स्वतःचं ते हसू जास्त आठवायचं.

दमयंती तेव्हा सात महिन्यांची गरोदर होती, बाळंतपणाला माहेरी आलेली. निलेशनं गाबोळीची बादली भरून सासुरवाडीला पाठवली. काशीनं बादलीत बघितलं. कोनाड्यात तिनं त्या वर्षीची ओटी बांधून तयार ठेवली होती.

"खडपावरची?" तिनं विचारलं.

"जावयांनी पाठवलीय," महिपत म्हणाला.

काशीनं गाबोळीला हळद-मीठ लावलं, तिखट लावलं, तांदळाच्या पिठात घोळवून तळली आणि लेकीला वाढली. बादली संपेपर्यंत रोज वाढली. कोनाड्यातली ओटी तिनं सोडली आणि तांदूळ चिमण्यांना घातले. पुन्हा कधी बांधली नाही.

दुसऱ्या माघात निलेशनं पाच लाँचा नेल्या. सोयऱ्याधायऱ्यांना वाटून खाणारा माणूस, मनाचा दिलदार. तिसऱ्या माघात मासे निम्म्यावर आले. चौथ्या माघात गळ कोरडे वर आले. "मासा दुसरीकडं गेला, मामा," निलेश म्हणाला आणि तोही दुसरीकडे गेला. मासा कुठे गेला नव्हता. आई, मावशी, आजी सगळ्या एका घरात जमलेल्या असताना दार लावून घर रिकामं केलं होतं, आणि त्या दाराची किल्ली महिपतनं स्वतःच्या हातानं दिली होती. काशी सहा वर्षांपूर्वी गेली. तिनं नवऱ्याला या बाबतीत कधी एक शब्द सुनावला नाही. सुनावला असता तर महिपतला जरा सोपं गेलं असतं.

गेल्या वर्षी मृणाली नावाची एक मुलगी गावात यायला लागली. माशांचा अभ्यास करणारी, मूळची देवरूखची, म्हणजे समुद्र तिनं कॉलेजात जाईपर्यंत सहलीपुरता बघितलेला. पण चिकाटी अशी की बाया जाळी दुरुस्त करतात तिथे तासन् तास बसून राहायची. तिचं म्हणणं थोडक्यात असं: हेकरू वर्षातून एकदा एका ठरावीक जागी जमून अंडी घालतो. ती जागा तेवढे दीड-दोन महिने सोडून दिली, पाच वर्षं धीर धरला, तर उरल्यासुरल्या माशांतून पुन्हा वंश वाढू शकतो. जागा कुठली हे तिला आता यंत्रांवरून कळलं होतं. अडत होतं ते दुसऱ्याच गोष्टीवर.

"आजोबा, सरकारी कागद आणला तर तो फक्त कागद राहील," ती महिपतच्या पडवीत बसून म्हणाली. "समुद्रात राखण करायला कोण जाणार? गावानं मनावर घेतलं तरच होईल. कोणीतरी जुन्या माणसानं उठून सांगायला हवं, की असं पूर्वी पाळत होते."

महिपतनं सुपारी कातरली. "बघू," म्हणाला. तिला काय माहीत, ती कुणापाशी आलीय ते! असं पाळत होते हे सांगणारा माणूस गावात एकच उरला होता. आणि ते सांगायचं म्हणजे जावयाची सगळी कीर्ती ज्या एका माघावर उभी राहिली, तो माघ पाप होता असं चारचौघांत सांगायचं. आणि पापाचा धनी जावई नव्हे, आपण, हेही सांगायचं. लेकीच्या संसारात त्यानं काय होईल, ते देव जाणे.

मार्गशीर्षात मच्छीमार सोसायटीच्या हॉलमध्ये सभा भरली. मृणालीनं नकाशा लावला, बोलली. एक जण मागून म्हणाला, "बैल गेला नि झोपा केला!" सगळे हसले. मग निलेश उठला. आता तो सोसायटीतला वजनदार माणूस, केस पिकलेले, आवाज बसका.

"मॅडम, तुमी शिकलेल्या, तुमचा मान हाय," तो म्हणाला. "पण आमच्या वाडवडलांनी खडपावर बंदी कधी घातली नाय. ह्ये खडप मना माज्या सासऱ्यांनी दाखवलंनी. त्यांच्यापेक्षा जुना तांडेल हितं कोण हाय? विचारा त्यांनाच. असा काय नियम व्हता काय?"

त्यानं खात्रीनं विचारलं होतं. त्याच्या मनात काळंबेरं काही नव्हतं, आणि त्यामुळेच महिपतला बसून राहवेना. तो खुर्चीच्या पाठीला धरून उठला.

"व्हता," म्हणाला.

महिपतनं सांगायला सुरुवात केली. एकच गळ, घासलेला काटा, खणाची पुडी, काळा धोंडा, दुसरा गळ नाही, मोजायचं नाही. ओटीचं नाव निघालं तेव्हा कोणीतरी खुसखुसेल म्हणून तो थांबला. कोणी खुसखुसलं नाही. मृणालीची पेन्सिल हलायची थांबली होती. वीस वर्षं ज्या हसण्याला तो भ्याला, ते हसणारं माणूस तिथे नव्हतंच.

निलेश अजून उभाच होता. "मग मना का नाय सांगितलंत?"

"तुमी जावय," महिपत म्हणाला. "जावयाला नाय कसं म्हणायचं?"

"पोटचा पोर असतो तर?"

"तर कानफटात मारून सांगितलं असतं."

निलेशनं मान हलवली. "म्हणजे वीस वर्षं मी समजतोय, मी मोठा तांडेल," तो हळू म्हणाला. "आणि तुमी घरात बसून सगळं बघताय. मना पोर समजला असतात तर ह्या पापात पडलो नसतो, मामा." मग तो टेबलापाशी गेला, मृणालीच्या कागदावर सगळ्यांच्या आधी सही केली आणि सासऱ्याकडे न बघता बाहेर पडला. त्याची सही झाल्यावर मागोमाग बाकीच्यांनी केल्या. पाच वर्षं माघात खडप बंद. फक्त जुन्या रीतीची एक फेरी होईल, एवढं ठरलं.

ठराव झाला, पण जावई तुटला. महिनाभर तो सासुरवाडीची पायरी चढला नाही. पौष अर्धा झाला तेव्हा एका दुपारी दमयंती एकटीच आली. बापाजवळ बसली, तांदूळ निवडायला घेतले.

"बाबा, माजी संस्कृती पोटात व्हती तवा आय मना रोज गाबोळी घालायची. ती खडपावरची काय?"

"व्हय."

"आय स्वतः एक तुकडा खात नव्हती. मी म्हणायची, खा गो. म्हणायची, मना पचत नाय." मग तिनं पदरानं डोळे पुसले. "मी बाळतपणाला माह्यारी आलेली, बाबा. आणि माज्या पानात..." महिपतनं तिच्या पुढ्यातले तांदूळ स्वतःकडे ओढले आणि निवडायला लागला. असल्या गोष्टीची माफी मागायचे शब्द कोणी कुणाला शिकवत नाही.

निघताना ती म्हणाली, "ओटी कशी बांधायची ता सांगा. मी बांधीन. हे येतील लाँच घेऊन, मी सांगितलंय त्यांना."

माघी पुनवेच्या सकाळी निलेश आला. "चला," एवढंच म्हणाला. लाँचवर तिघंच: तो, महिपत आणि मृणाली. महिपतच्या मांडीवर ताट होतं, त्यात ओटी आणि कुंकवाची डबी. बाहेर पडल्यावर सवयीनं त्यानं वळून डोंगराकडे बघितलं. उंडीचं झाड नव्हतं. रस्त्यासाठी डोंगराचा तो खांदाच खरवडला होता. कळसापुढे एक चार मजली इमारत आली होती. आता ती जागा फक्त जावयाच्या यंत्रात उरली होती. खडपावर पोचल्यावर निलेशनं यंत्र बंद केलं आणि त्यावर टॉवेल टाकला.

महिपतनं दोरी निलेशच्या हातात दिली. आठ वाजले, नऊ वाजले, दहा वाजले. पूर्वी गळ तळाला टेकायच्या आत ओढ लागायची. अकरा वाजले. मृणाली उलटी करून करून दमली आणि तरी बघत राहिली. ऊन डोक्यावर आलं तेव्हा निलेशचं बोट हललं.

"हळू," महिपत म्हणाला. "वावभर ओढायचं, थांबायचं. तिला दम घेऊ द्यायचा."

निलेशनं आयुष्यात मासा इतका सावकाश कधी ओढला नसेल. पाण्यात आधी एक फिकट डाग दिसला, मग ठिपके, मग ते रुसलेलं तोंड. लहानगी होती. दोन-अडीच किलोची, पूर्वीच्यांच्या नातीसारखी. पण पोट भरलेलं होतं. मृणालीनं पाण्यात ओला केलेला हात हलकेच त्यावरून फिरवला आणि मान डोलावली. महिपतनं बोटानं कुंकू लावलं. निलेशनं दमयंतीची पुडी कच्च्या दोऱ्यानं गळाशी बांधली, मासा तोंड खाली करून पाण्यात सोडला आणि दोरी हातातून जाऊ दिली. बारा वाव गेल्यावर एक हिसका दिला. दोरी सैल झाली.

"गेली," तो म्हणाला.

महिपतला आनंद व्हायला हवा होता. क्षणभर झालाही. पण लगेच त्याची नजर खाली पाण्यात गेली. एक आली, पण एकटीच आली असेल तर? इतक्या लांबून माहेरी यावं, आणि घरात कोणीच नसावं? पूर्वी पहिली वर ओढताना वाटेत दुसरे मासे दोरीला घासायचे, हाताला कळायचं.

"दोरीला काय लागलं काय वाटेत?" त्यानं विचारलं.

"नाय कळलं."

"मग आणखी एकदा टाक." महिपतचा आवाज त्यालाच ओळखू येईना. "एकदाच टाक रे. दुसरी हाय का एवढंच बघू. लगेच सोडून देऊ."

निलेशचे हात दोरीवर थांबले. त्यानं सासऱ्याकडे बघितलं, सभेनंतर पहिल्यांदाच. मृणालीही श्वास धरून बसली होती. तिलाही तेच हवं होतं, दुसरं काही नाही.

"नाय, मामा," निलेश म्हणाला.

"अरे, एकदाच..."

"नाय. मोजायच्या नायत." आणि तो दोरी गुंडाळायला लागला, वेढ्यावर वेढा, शेवटपर्यंत.

खाली ती एकटी होती की तिला कोणी भेटलं, हे महिपतला आता मरेपर्यंत कळणार नव्हतं. वीस वर्षांपूर्वी याच जागी, याच माणसाला, एवढाच एक शब्द सांगायचा होता. तो इतका सोपा होता, की जावयानं म्हटला आणि आभाळ कोसळलं नाही, कोणी रुसलं नाही, लाँच होती तिथे डुलत राहिली.

निलेशनं इंजिन चालू केलं. महिपतनं रिकामं ताट छातीशी धरलं आणि तोंड दुसरीकडे फिरवून रडला. धक्क्याला उतरताना निलेशनं त्याच्या दंडाला घट्ट धरलं.